मुंबईत समुद्रपक्षी मोजायला सुरुवात करताना

पक्षीगणनेत नव्याने येणारे बहुतेक जण आधी कॅमेरा कोणता घ्यावा हे विचारतात. माझं सांगणं असतं, आधी किनारा ठरवा. वर्सोवा, जुहू, गिरगाव, शिवडी, जिथे आठवड्याआड जाणं खरंच जमेल असा. आज इथे तर उद्या तिथे अशा भटकंतीतून यादी वाढते, पण पक्षी कमी झाले की जास्त, हे एकाच जागेच्या सलग नोंदींवरूनच कळतं.

चौपाटीवर दिसणारे कुरव (इंग्रजीत ‘गल’) हे हिवाळी पाहुणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी होते. समुद्री सुरयांची (इंग्रजीत ‘टर्न’) विणीची वसाहत आपल्या राज्यात आहे ती वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, वेंगुर्ला रॉक्सवर. तिथे हौसेखातर उतरू नका. माणूस खडकावर चढला की सगळा थवा उठतो आणि अंडी-पिल्लं भर उन्हात उघडी पडतात.

सगळ्यात आधी शिकायची ती भरती-ओहोटी. ओहोटीला शिवडीचा चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित पक्षी म्हणजे नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागलं की थवे काठाकडे सरकतात, तेव्हा मोजणी नीट होते. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना तक्ता लागत नाही: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरकही त्यांच्याकडूनच समजून घ्या, मलाही तो तिथेच समजला. दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करायची तर भरतीची स्थिती सारखी हवी.

आता ओळख. हिवाळ्यात काळ्या आणि तपकिरी डोक्याचे, दोन्ही कुरव पांढऱ्या डोक्याचेच दिसतात, कानामागे तेवढा गडद ठिपका. डोळा पाहा: पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकट असतात, काळ्या डोक्याच्याची गडद. उडताना तपकिरीच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात. एवढं दिसलं नाही तर ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, सरळ ‘कुरव, जात अनिश्चित’ अशी नोंद करा. अंदाजाने लिहिलेल्या जातीपेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची, असं मी ठामपणे सांगेन.

मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरावं आणि त्या मापाने पुढे सरकावं. किती वेळ थांबलात, किती चाललात, हेही लिहायचं. एकही पक्षी दिसला नाही तरी फेरी नोंदवा. ते शून्य नसेल तर पुढे घट झाल्याचं दाखवणार कसं? गेटवेजवळ बोटीतून लोक शेव-गाठिया टाकतात आणि कुरवांची झुंबड उडते. तो आकडा शेऱ्याशिवाय टाकू नका.

सोबत हवी असेल तर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत सामील व्हा. 1987 पासून ती चालू आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. तिथल्या पाणथळीवर अनुभवी माणसांबरोबर काढलेली एक सकाळ पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

पावसाळ्यात कुरव नसले तरी किनारा सोडू नका. वादळी वाऱ्याने खोल समुद्रातले बूबी (मोठे समुद्रपक्षी), सुरय थकून वाळूवर येऊन पडतात. त्यांना परत पाण्यात ढकलू नका, चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. पक्षी मेलेला असला तरी फोटो, जागा, तारीख नोंदवाच. एरवी हे पक्षी किनाऱ्यावरून दिसतच नाहीत.