पाऊस येण्याआधी गाळ्यातील विजेची तयारी

गेल्या वर्षी मुंबईत साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पावसाळ्यापूर्वीची तपासणी मीच करून घेतली होती, आणि तरीही जुलैतल्या एका रात्री एका सहकाऱ्याला बेंच ग्राइंडरचा जोरदार शॉक बसला. त्या ग्राइंडरला हात लावला की झिणझिण्या येतात, हे मला त्याच दिवशी दुपारी समजले होते. मी वायरमनला तसे तोंडी सांगितले, त्याने उद्या बघतो म्हटले आणि पाळी संपल्यावर मी घरी गेलो. वहीत नोंद नव्हती, यंत्रावर काही लावलेले नव्हते, आणि रात्रपाळीच्या माणसाने नेहमीप्रमाणे बटण दाबले. तो वाचला, तळहाताची जखम भरायला मात्र दोन महिने लागले. पुढील यादी त्यानंतर तयार केली आहे, आणि मी जे केले नव्हते ते तिच्यात सर्वांत आधी येते.

ते म्हणजे लाल चिठ्ठी. वायरमनला बोलावण्याच्याही आधी दोन भागांच्या लाल चिठ्ठ्यांची पुस्तके छापून घ्यावीत, ज्यांतील एक भाग फाडून यंत्राला बांधता येईल आणि दुसरा पुस्तकातच राहील. चिठ्ठीवर यंत्राचे नाव, काय जाणवले किंवा दिसले, तारीख, वेळ, कळवणाऱ्याचे नाव आणि कोणाला कळवले, एवढे पुरे. त्याहून लांब अर्ज केला तर कामाच्या गर्दीत तो कोणी भरत नाही. चिठ्ठी यंत्राच्या अंगावर अडकवू नये, कारण ती गळून पडते किंवा कोणीतरी बाजूला सारते. प्लग काढून त्याच्या पिनांभोवतीच ती घट्ट बांधावी, म्हणजे चिठ्ठी सोडल्याशिवाय प्लग सॉकेटमध्ये जाणार नाही. जे यंत्र थेट जोडलेले आहे त्याचा आयसोलेटर, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच, बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि चिठ्ठी त्या कुलपाला बांधावी. दुरुस्ती करणाऱ्याने सही केल्याशिवाय ती चिठ्ठी मालकानेसुद्धा सोडू नये.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात एकही चांगला वायरमन मोकळा नसतो. म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदाराची वेळ मेच्या मध्यालाच ठरवावी. त्याच्याकडून प्रत्येक मोटारीचे मेगरचे, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाचे, वाचन लेखी घ्यावे. ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम हवा, पण मेमधल्या कोरड्या हवेत मिळालेला आकडा ऑगस्टमध्ये तसाच राहील असे धरून चालू नये. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना केली आणि तो निम्म्यावर आलेला दिसला, तर ती मोटार आत्ताच उघडून पाहावी.

अर्थिंगसाठी मात्र वेळ द्यावा, कारण आमच्या ग्राइंडरच्या शॉकचे मूळ तिथेच होते: थ्री-पिन टॉपमधील, म्हणजे प्लगमधील, अर्थची हिरवी तार स्क्रूखालून निसटली होती. टॉपमधील अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती उगाच नव्हे. ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते, त्यामुळे प्लग घालता-काढताना यंत्राची धातूची बॉडी सतत अर्थला जोडलेली राहते. ती पिन तोडून टू-पिन सॉकेटमध्ये प्लग घालणे, किंवा टॉपच काढून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खुपसणे, हे मी अनेक गाळ्यांत पाहिले आहे. असे दिसताच ते यंत्र तिथल्या तिथे बंद करून त्यालाही लाल चिठ्ठी बांधावी. प्रत्येक टॉप उघडून हिरव्या तारेचा स्क्रू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणारे लोक फार भेटतात. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किट झाल्यावर पडतो. माणसाच्या शरीरातून जाणारा काही मिलीअँपियरचा प्रवाह त्याला कळतही नाही. त्यासाठी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतो, आणि आमच्या त्या सॉकेटच्या वाटेवर तो नव्हता. तो बसवून घ्यावा आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबावे. त्या बटणाने आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढेच समजते, अर्थिंग शाबूत आहे की नाही ते समजत नाही, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाताला लागले तर आरसीसीबीही वाचवत नाही. म्हणून झिणझिण्या आल्या पण आरसीसीबी पडला नाही, यावरून यंत्र ठीक आहे असा अर्थ काढू नये. झिणझिण्या आल्या की चिठ्ठी लिहावी, वायरमन शेजारीच उभा असला तरी लिहावी, पाळी संपायला पाच मिनिटे उरली असली तरी लिहावी, आणि पाळी सोपवताना पुस्तक उघडून पुढच्या माणसाला ती वाचून दाखवावी.

तळमजल्याच्या गाळ्यांनी २६ जुलै २००५ लक्षात ठेवावा. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नकोत, आणि पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन स्विच कोणी बंद करायचा ते प्रत्येक पाळीत नावानिशी ठरलेले असावे. पाणी आत आल्यावर ओल्या जमिनीवर उभे राहून स्विचकडे हात नेऊ नये. पुरवठ्याकडून मीटरपर्यंतची बाजू वीज कंपनीची आहे. तिथे ठिणगी किंवा ओल दिसली तर बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण यांपैकी ज्यांचा पुरवठा असेल त्यांना कळवावे आणि तक्रार क्रमांक आपल्या पुस्तकात लिहावा.

बाकीचे थोडक्यात. पॅनेलसमोर रबरी मॅट असावी. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा हवा, पाण्याचा किंवा फेसाचा नको. शॉक बसलेल्या माणसाला आधी पुरवठा तोडल्याशिवाय हात लावू नये. १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ नुसार इजा झालेल्याच नव्हे, तर इजा होण्याचा संभव असलेल्या अपघाताचीही सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते, आणि ती लिहिताना चिठ्ठीचा पुस्तकातील भागच कामी येतो.

चिठ्ठ्यांचे एक पुस्तक पाळीच्या टेबलावर आणि दुसरे मेन स्विचजवळ टांगावे, आणि दोन्हींना पेन सुतळीने बांधून ठेवावे.