भरलेली डिस्क मोठ्या डिस्कवर हलवताना

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, अपडेट जागेअभावी अडकू लागलं आणि फोटो उडवूनही चार दिवसांत परत तेच, की डिस्क मोठी घेण्याला पर्याय उरत नाही. मशिन मुळातच कचऱ्याने भरलेलं असेल तर विंडोज नव्याने टाकलेलं बरं. पण टॅली, श्रीलिपी, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर असं सगळं वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि त्यांच्या सीड्या कुठे गेल्या ते घरात कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी क्लोनच करावा. जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असल्यामुळे डिस्क बदलली म्हणून तो जात नाही. काही सॉफ्टवेअर मात्र डिस्कचा क्रमांक तपासतात, त्यांची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते.

खरेदीआधी

पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नुसतं ‘लॅपटॉपची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) द्या’ म्हणू नका. आधी मशिन उघडून आत काय आहे ते बघा, किंवा मॉडेल नंबरवरून शोधा. अडीच इंची साटा डिस्क वेगळी आणि च्युइंग गमच्या पट्टीएवढी एम डॉट टू वेगळी. त्यातही एम डॉट टूमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला जवळपास सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट नसेल तर क्लोन करताना नवी डिस्क बाहेरून जोडायला त्याच प्रकारची यूएसबी केसिंगही (डिस्क बसवायची डबी) लागेल. ती यूएसबी ३ची घ्या आणि मशिनलाही त्याच पोर्टात लावा. यूएसबी २वर दोनशे जीबी हलायला दीड-दोन तास सहज जातात. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, २५६ची २३८. दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

क्लोनआधी

महत्त्वाच्या फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर काढून ठेवा. क्लोन करताना जुनी आणि नवी डिस्क उलटसुलट निवडली गेली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसत असेल तर क्लोनच्या फंदात न पडता आधी डेटा काढा. आजारी डिस्क सलग तासभर वाचायला लावली की ती मधेच मान टाकू शकते.

तिसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. हल्ली नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडते, ती कागदावर लिहून ठेवा.

आणि पुण्यात असाल तर हे काम गुरुवारी काढू नका. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार तोच. लॅपटॉप चार्जरवर असू द्या, डेस्कटॉप यूपीएसवर.

क्लोन

हा भाग सगळ्यात सोपा. सॅमसंग, क्रूशल, वेस्टर्न डिजिटल या कंपन्या आपापल्या डिस्कसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात. आधी तेच वापरा. क्लोनझिलाही फुकट आहे आणि पेनड्राइव्हवरून चालतं, पण त्याचे अक्षरी मेनू पहिल्यांदा वापरणाऱ्याला बिचकवतात. काहीही वापरलंत तरी स्रोत आणि लक्ष्य निवडताना डिस्कचं मॉडेल आणि आकार मोठ्याने वाचा: २३८वरून ९३१वर. मगच पुढे.

जोडणी आणि पहिली सुरुवात

शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे मशिन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, लॅपटॉप उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. एम डॉट टू डिस्क थोडी तिरकी आत सरकवायची, खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क मशिनला जोडलेली नको. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोज कुठल्या डिस्कवरून उठलं ते कळत नाही.

जागा वाढली कुठे?

मशिन सुरू होतं, सगळं जागच्या जागी असतं, पण सी ड्राइव्ह मात्र २३८चीच! इथे बरेच जण डिस्क परत करायला निघतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून बघा: निळ्या पट्टीची सी, तिला चिकटून रिकव्हरीचा (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला) काहीशे एमबीचा तुकडा आणि त्यापुढे काळ्या पट्टीची भलीमोठी मोकळी जागा. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ला मोकळी जागा सीच्या लगेच शेजारी हवी असते, मधे रिकव्हरी बसली की तो पर्याय फिका पडतो. पार्टिशन (डिस्कचे असे भाग) हलवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरने (जीपार्टेड चांगलं आहे) रिकव्हरी शेवटाला सरकवा, मग सी वाढवा. क्लोनच्या वेळीच पार्टिशनचे आकार ठरवायची सोय असेल तर हा खटाटोप वाचतो.

सगळं नीट चाललं की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा. जुनी डिस्क मात्र महिनाभर तरी न पुसता कपाटात ठेवा. नंतर ती कुणाला देणार किंवा विकणार असाल तर फिरत्या डिस्कला (जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कला) ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. क्विक फॉरमॅटनंतर आतली आधार-पॅनची स्कॅन आणि बँकेची स्टेटमेंटं रिकव्हरी सॉफ्टवेअरने आरामात परत मिळतात.