राहणं-जेवण फिटेल एवढं काम करून परदेश बघायचाय? आधी व्हिसा बघा, होस्ट नंतर

गॅप इयर, म्हणजे शिक्षणातून किंवा नोकरीतून वर्षभराची सुट्टी, घ्यायचा म्हटलं की घरी पहिला प्रश्न तिकिटाचा निघतो, पण तिकीट एकदाच काढायचं असतं. खरा पैसा खातं ते रोजचं राहणं आणि रोजचं जेवण. त्यावर जगभरचे बॅकपॅकर कधीपासून एक उपाय वापरतात, दिवसाचे चार-पाच तास होस्टकडे काम करायचं, शेतात, हॉस्टेलच्या रिसेप्शनला, घरात, मुलं सांभाळायला, आणि बदल्यात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण, पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. वूफ नावाचं नेटवर्क १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं, लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपार्डनी शहरातल्या लोकांना वीकेंडला सेंद्रिय शेतावर काम करायला मिळावं म्हणून ते काढलं, आज ते खूप देशांत आहे. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स, हेल्पएक्स या त्याच्या नंतरच्या, असेच होस्ट शोधून देणाऱ्या वेबसाइट. मेंबरशिप भरायची, प्रोफाइल टाकायचं, होस्टना मेसेज करायचे, एवढं सोपं आहे ते.

पण यावर मराठीत किंवा इंग्रजीत जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं युरोपियन नाहीतर अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी लिहिलेलं असतं. आपल्या पासपोर्टवर तोच सल्ला जसाच्या तसा चालत नाही आणि हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

मुख्य मुद्दा असा की बहुतेक देशांच्या कायद्यात राहणं आणि जेवण हासुद्धा मोबदलाच धरतात. पगार घेतला नाही म्हणजे ते काम नव्हे असं तुम्हाला वाटतं, इमिग्रेशन ऑफिसरला वाटत नाही. न्यूझीलंड तर हे स्पष्टच सांगतं, राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम हे कामच आणि त्याला काम करायची परवानगी देणारा व्हिसा हवा. थायलंडमध्ये पगार असो नसो, बाहेरच्या माणसाने काम केलं की वर्क परमिटचा प्रश्न येतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते, हॉस्टेल किंवा शेतावरचं काम त्यात बसत नाही. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर तर या फंदात पडूच नका. २०२५ च्या फेब्रुवारीतलीच केस बघा, ब्रिटनची एक बॅकपॅकर मुलगी अमेरिकेत एका कुटुंबाकडे घरकामाच्या बदल्यात राहिली होती, तिथून कॅनडात दुसऱ्या कुटुंबाकडे तसंच राहायला निघाली, कॅनडाच्या बॉर्डरवर त्यांनी ते काम धरलं आणि परत पाठवलं, आणि अमेरिकेने तिला जवळजवळ तीन आठवडे डिटेन्शनमध्ये ठेवलं. तिचा पासपोर्ट ब्रिटिश होता हे लक्षात घ्या.

"टुरिस्ट व्हिसावर जा, विचारलं तर मित्राकडे चाललोय सांग" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मी तो कोणालाच देणार नाही. एअरपोर्टवर फोन उघडायला लावतात, होस्टबरोबरचं चॅट समोरच असतं. आणि त्याचा परिणाम त्या एका ट्रिपपुरता राहत नाही, नंतर एमएसला किंवा नोकरीला जाताना व्हिसाच्या फॉर्ममध्ये आधी कधी नकार मिळालाय का, परत पाठवलंय का, हे विचारतात आणि ते खरंच लिहावं लागतं. एका फुकटच्या बेडसाठी पुढची दहा वर्षं अडकवण्यात काय अर्थ आहे.

म्हणून माझं म्हणणं, आधी देश आवडतो म्हणून होस्ट शोधू नका, कुठल्या देशात आपल्याला हे कायदेशीरपणे करता येतं ते बघा आणि त्यातून देश निवडा. पर्याय कमी आहेत पण आहेत, आणि चांगले आहेत.

सगळ्यात सोपा नेपाळ. आपल्याला व्हिसाच लागत नाही, आणि १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे राहणं, फिरणं, व्यापार-धंदा यात आपल्याला बाकी परदेशी लोकांपेक्षा खूप मोकळीक आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, फक्त आधारवर भागेल असं धरून निघू नका. मुंबईहून ट्रेनने गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, पलीकडून पोखऱ्याची बस, असं कमी पैशात पोचता येतं, आणि आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशे साठ हा रेट ठरलेलाच आहे. डोंगरातल्या सेंद्रिय शेतांवर, होमस्टेमध्ये, पोखऱ्याच्या हॉस्टेलांमध्ये अशी कामं मिळतात. पण हिशोब करा, तिथे डॉर्मचा, म्हणजे अनेकांच्या एका खोलीतला, बेड मुळातच स्वस्त असतो, तेवढ्यासाठी रोज पाच तास काम करायचं असेल तर ते काम शिकण्यासारखं किंवा माणसं आवडणारी असली पाहिजेत, नुसते पैसे वाचवायला नेपाळमध्ये हे करू नका. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, अनाथाश्रमात मुलांबरोबर राहायचं असलं कुठलंही काम घेऊ नका. तिथे आई-वडील जिवंत असलेली मुलंसुद्धा खेड्यांतून आणून ठेवल्याचे प्रकार उघड झालेत, परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणूनच ते चालतं.

दुसरा पर्याय जर्मनी, आणि मला वाटतं पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी हा सगळ्यात भरीव आहे, कारण जर्मन शिकायची सोय आपल्याकडे आधीपासून आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथे ओ-पेअर नावाचा रीतसर व्हिसा मिळतो. जर्मन कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, थोडी घरातली हलकी कामं करायची. अर्ज करताना वय २७ च्या आत हवं, जर्मन ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पातळी, हवी, काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, राहणं-जेवण त्यांचं, वर महिन्याला २८० युरो पॉकेटमनी, भाषेच्या क्लाससाठी महिना ७० युरो आणि इन्शुरन्सही त्यांनीच भरायचा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मुलगे पण जाऊ शकतात, हे फक्त मुलींचं काम असा आपल्याकडे उगाच समज आहे. मात्र म्युनिकला मावशी आहे, तिच्याकडे ओ-पेअर म्हणून जातो, असं चालत नाही. कुटुंबात जर्मन बोललं गेलं पाहिजे आणि नातेवाईकांकडे हा व्हिसा मिळत नाही. ए-वन फक्त सर्टिफिकेटपुरतं करू नका, मुलाखतीत साधे प्रश्न जर्मनमध्ये विचारू शकतात, आणि तिथे गेल्यावर तीन वर्षांचं पोरगं रडत काय मागतंय हे कळलं नाही तर तुमचे पहिले दोन महिने फार अवघड जातील.

ज्यांना घरात मुलं सांभाळायची नाहीत त्यांनी तिथलीच स्वयंसेवेची सरकारी योजना बघा. पर्यावरण वर्ष म्हणून एक प्रकार आहे, शॉर्टमध्ये एफओजे म्हणतात, त्यात सेंद्रिय शेत, निसर्ग संवर्धन केंद्र अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम असतं, आणि २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवल्यावर फेडरल स्वयंसेवा सुरू केली तिला वयाची वरची अट नाही. पॉकेटमनी मिळतो, सोशल इन्शुरन्स भरला जातो, काही ठिकाणी राहायची सोयही असते, पण काम फुलटाइम असतं, चार-पाच तासांचं नाही, आणि जर्मन बरं लागतं, बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, आसपास असेल तर निवड व्हायला सोपं जातं. बरेच जण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू करतात म्हणून अर्ज हिवाळ्यातच करायला घ्या.

डिग्री झालेल्यांना आणखी दोन दारं आहेत. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम, वय १८ ते ३०, बॅचलर डिग्री, खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस, वर्षाला ३,००० जागा, बॅलटने, म्हणजे लॉटरीसारख्या सोडतीने, नंबर लागतो आणि बॅलटला फी नाही. व्हिसा दोन वर्षांचा. दुसरं ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, आपल्यासाठी २०२४ पासून उघडला, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, हाही बॅलट. या दोन्हींत मग पगाराचंही काम करता येतं आणि मधले आठवडे शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात पण घालवता येतात, चोरून काही करावं लागत नाही. फक्त ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात तीन महिन्यांचं ठरावीक काम दाखवावं लागतं आणि तिथे फुकटचं काम धरत नाहीत, पगाराच्या पावत्या लागतात. "माझ्याकडे फुकट काम कर, मी सही देतो" म्हणणारा शेतकरी भेटला तर सरळ नाही म्हणा.

आता होस्ट कसा निवडायचा. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, कामाचे तास आणि जेवणाबद्दल लोक काय लिहितात ते वाचा, आणि ज्यांनी फक्त "छान माणसं" एवढंच लिहिलंय त्यांना मेसेज करून विचारा, बहुतेक जण मनापासून उत्तर देतात. मग होस्टला पुढचं सगळं लेखी विचारा, व्हिडिओ कॉल झाला तरी नंतर मेसेजमध्ये लिहून घ्या: रोज किती तास, आठवड्याला किती सुट्ट्या, खोली स्वतंत्र की शेअर, दाराला आतून कडी आहे का, सुट्टीच्या दिवशी जेवण धरलंय का, जवळचा बसस्टॉप किती लांब, इंटरनेट आहे का. मुलींनी कडीचा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नये, चांगला होस्ट त्यावर चिडत नाही आणि जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. आठवड्याला पंचवीस तासांच्या बरंच वर काम मागत असेल तर तिथे पगार द्यायला हवा, तो माणूस मजूर शोधतोय.

स्वतःबद्दल लिहिताना "मला फिरायला आवडतं" याने काही होत नाही, ते सगळेच लिहितात. हातात काय आहे ते सांगा. नाशिककडचा असाल आणि द्राक्षाची एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी घरच्या बागेत केली असेल तर ते लिहा, तिकडे वेल वर्षातून एकदाच, थंडीत छाटतात पण कात्री धरलेला हात त्यांना लगेच कळतो. गाई-म्हशींची धार काढता येत असेल, वायरिंग येत असेल, शिवण येत असेल, वीस माणसांचा स्वयंपाक येत असेल, तर तेच पहिल्या दोन ओळींत. आपल्याकडची गावातली मुलं या गोष्टी सांगायला लाजतात आणि शहरातल्या मुलांच्या प्रोफाइलची नक्कल करतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण होस्टला नेमकं तेच हवं असतं.

जेवणाचं आधीच बोलून घ्या. शाकाहारी म्हणजे अंडं चालतं का, मासे चालतात का, हे स्पष्ट लिहा, कारण बऱ्याच ठिकाणी माशाला शाकाहारात धरणारे भेटतात. जर्मन घरात रात्री बरेचदा ब्रेड, चीज असं थंडच जेवण असतं, त्याची मनाची तयारी ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस मी स्वयंपाक करतो असं स्वतःहून सुचवा, घरातलं वातावरण पटकन मोकळं होतं. गोडा मसाला न्या, पण युरोपात जाताना तूप, पेढे, बर्फी बॅगेत घालू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, मसाल्याची पुडी असली तरी.

एक धोका मात्र वेगळा आहे. राहणं-जेवण फ्री, वर पगार, थायलंडला या, असा मेसेज टेलिग्रामवर किंवा ओळखीच्या ओळखीतून आला तर तिथेच थांबा. असल्या ऑफरवर गेलेल्यांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं, आणि मार्च २०२५ मध्ये साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तिकीट समोरचा काढून देतोय आणि कामाचं नीट वर्णन नाही, एवढं पुरे आहे नाही म्हणायला.

पैशांचं म्हणाल तर राहणं-जेवण सुटलं म्हणून खिसा रिकामा ठेवून जाऊ नका. परतीच्या तिकिटाचे आणि पंधरा दिवस हॉस्टेलमध्ये राहता येईल एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. हे पैसे असले की वाईट होस्टकडून दुसऱ्या दिवशी निघता येतं, नसले की माणूस सहन करत बसतो. शेतावर काम करणार असाल तर ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये शारीरिक कामात झालेली दुखापत धरलीय का ते विचारा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये नसते. पासपोर्ट होस्टच्या ताब्यात कधीच द्यायचा नाही, फोटोकॉपी द्या. आई-बाबांकडे होस्टचा पूर्ण पत्ता, फोन आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर लिहून ठेवा, फोनमध्ये नको, घरातल्या कॅलेंडरवर.

पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस दोघांनी एकमेकांना बघायचे असं आधीच ठरवून घ्या, म्हणजे नाही पटलं तर कोणी कोणावर रागवायचं कारण राहत नाही. तास हळूहळू वाढायला लागले तर पहिल्याच आठवड्यात बोला, शांतपणे, मेसेजमध्ये ठरलेलं दाखवून. आणि निघायचं झालं तर होस्टला दोन दिवस आधी सांगा, खोली झाडून द्या आणि रिव्ह्यूमध्ये तास, जेवण, खोली, कडी सगळं जसं होतं तसं लिहा, पुढचा येणारा मराठी मुलगा किंवा मुलगी तेच वाचणार आहे.