सेफ्टी रेझरने रोजची दाढी: सामान बदलायच्या आधी या चुका टाळा

सेफ्टी रेझर, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं सुटं पातळ ब्लेड बसवायचा रेझर, नवीन घेतलेल्या माणसाचं साधारण असं होतं की पहिले तीन-चार दिवस भारी वाटतं, मग मानेवर जळजळ सुरू होते, मग तो ब्लेड बदलतो, मग क्रीम बदलतो, मग महागातला ब्रश मागवतो, आणि दोन महिन्यांत बाथरूमच्या फळीवर जागा उरत नाही पण मान लालच राहते. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक तक्रारी सामानाच्या नसतातच, पाण्याच्या आणि हाताच्या असतात. आणि हा छंद रोजचा आहे हे विसरून चालत नाही, आज जिथे कातडी सोलली ती बरी व्हायच्या आत उद्या ब्लेड परत तिथूनच फिरणार, त्यामुळे छोटी चूकसुद्धा आठवडाभर साचत जाते.

आधी दाबाबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे ब्लेडसकट अख्खं डोकंच बदलायच्या रेझरचं डोकं हलतं, दाबलं की ते मागे सरकतं, त्यामुळे वर्षानुवर्षं आपल्या हाताला दाबून ओढायची सवय लागलेली असते. सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, नुसतं हातात धरलं तर वाकतं, ते दोन पट्ट्यांच्या मधे घट्ट आवळलं की मगच ताठ होतं, १९०४ साली किंग जिलेट या अमेरिकी उद्योजकाला जे पेटंट मिळालं त्याचा गाभाच हा होता. म्हणजे तुम्ही दाबलं तर मागे सरकायला तिथे काही नाही, सगळा दाब थेट कातडीवर. मेर्कुर ३४सी सारखा रेझर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि तेवढं वजन केस कापायला पुरतं. हँडल मुठीत पकडू नका, तीन बोटांनी खालच्या टोकाजवळ धरा, तिथे धरलं की दाबता येतच नाही, आणि रेझर आपल्या वजनाने खाली येऊ द्या. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरचाच हात मारायचा, गालाच्या वरपासून हनुवटीपर्यंत एक लांब सरळ हात मारायचा मोह टाळा, कारण मधे जबड्याचं हाड येतं आणि तिथे कोन बदलतो.

कोन म्हणजे काय तर ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंश. मोजायची गरज नाही, रेझरच्या डोक्याचा वरचा भाग गालाला टेकवा, हँडल आडवं, मग हळूहळू हँडल खाली आणत फिरवा, ज्या क्षणी केस कापल्याचा बारीक करकर आवाज यायला लागतो तो तुमचा कोन. त्याच्यापुढे हँडल आणखी खाली नेलंत तर ब्लेड कापायचं सोडून खरवडायला लागतं. तो आवाज ऐकायला शिका, एक्झॉस्ट फॅन आणि मोबाइलवरची गाणी पहिला महिना बंद ठेवा, आवाजावरून हाताला जे कळतं ते आरशात बघून कळत नाही.

फेस बसत नाही, दोन मिनिटांत सुकतो, बुडबुडे येतात

ही तक्रार आली की मी आधी विचारतो पाणी कुठलं येतं. बोअरचं किंवा टँकरचं असेल, नळाच्या तोंडाला पांढरे थर बसत असतील, बादलीच्या कडेला क्षार दिसत असतील तर दोष साबणाचा नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं आणि त्याचा चिकट साका होतो, म्हणजे ब्रशवर घेतलेल्या साबणाचा बराचसा भाग फेस होण्याआधीच संपलेला असतो. मराठवाड्यात बोअरवर राहणाऱ्याने आणि पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी वापरणाऱ्याने एकाच साबणाबद्दल वेगवेगळं सांगितलं तर दोघंही खरं बोलत असतात. उपाय स्वस्त आहे: आरओचं एक कप पाणी कोमट करून घ्या, ब्रश त्यातच भिजवा आणि फेसही त्याच पाण्याने करा, तोंड धुवायला नळाचं चालेल. आरओ नसेल तर साबण नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट घ्या. पाणी उकळून गाळलं तर थोडा फरक पडतो पण काही क्षार उकळूनही जात नाहीत. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून किंवा गच्चीवरून पावसाचं पाणी धरता येत असेल तर एकदा त्याने फेस करून बघाच, तुमचा तोच जुना साबण ओळखू येणार नाही.

पाणी ठीक असेल तर मग दोनच शक्यता, साबण कमी घेतलाय किंवा पाणी एकदम ओतलंय. क्रीम असेल तर बदामाएवढं पुरतं. घट्ट साबण असेल तर ओला ब्रश झटकून साबणावर २० ते ३० सेकंद फिरवा, ब्रशच्या टोकांना दाट लेप चिकटलेला दिसला पाहिजे, नुसते बुडबुडे दिसत असतील तर ब्रशमधे पाणी जास्त आहे. मग वाटीत किंवा सरळ गालावर फेटायला सुरुवात करा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा. लोक इथेच घाई करतात, फेस पांढरा आणि फुगलेला दिसला की थांबतात, पण तो अजून कोरडा असतो, दिसायला भरपूर आणि कामाला निकामी. आणखी थोडं पाणी, आणखी फेटणं, असं करत करत तो खाली बसतो, चमक येते, मोठे बुडबुडे जातात आणि फेटलेल्या चक्क्यासारखा मऊ दाट होतो. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा, बोटं सटासट घसरली पाहिजेत. ओढल्यासारखं वाटलं तर अजून पाणी हवंय.

एक आणखी गोष्ट, दाढीआधी खोबरेल तेल लावायची सवय बऱ्याच जणांना असते. दोन-तीन थेंब ठीक, पण तोंड तेलकट चमकायला लागेल एवढं लावलं तर फेस मरतो, कितीही चांगला साबण असो.

आपल्याकडे दाढी आंघोळीच्या आधी करायची पद्धत आहे, दाढी-कटिंग करून तसंच देवापाशी जायचं नाही, आंघोळ करूनच जायचं. ती मोडायची काही गरज नाही, पण मग केस भिजवायचं काम वेगळं करावं लागतं. कोरडा केस चिवट असतो, दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की तो फुगतो आणि बराच मऊ होतो. गरम पाण्यात पंचा पिळून तोंडावर धरा, किंवा पहिला फेस लावून तसाच दोन मिनिटं ठेवा आणि तेवढ्यात रेझरमधे ब्लेड बसवा. कढत पाणी नको, कातडी आधीच लाल झाली तर पुढे सगळंच झोंबतं.

आणि श्रावणात दाढी वाढवणाऱ्यांसाठी खास: महिन्याभराची दाढी थेट सेफ्टी रेझरने काढायला जाऊ नका. लांब केस ब्लेडखाली अडकतात, फटी भरून जातात, रेझर ओढत जातो आणि गणपतीत मानेवर पुरळ घेऊन फिरावं लागतं. आधी ट्रिमरने किंवा कात्रीने अगदी बारीक करा, मग रेझर. आठवड्याची दाढी असली तरी हेच.

मानेवर पुरळ आणि आत वळलेले केस

हा भाग नीट वाचा कारण रोज दाढी करणारे बहुतेक जण इथे अडकतात. आपण समजतो की केस वरून खाली वाढतात. गालावर ते बहुतेकांचं खरं असतं. मानेवर मात्र कुणाचे खालून वर, कुणाचे कानाकडे आडवे, कुणाच्या कंठापाशी चक्क भोवरा. सुट्टी बघून दोन दिवस दाढी करू नका आणि मग कोरड्या हाताने मान आणि जबडा चारही दिशांनी चाचपून बघा, ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो तो सुलटा, जिथे अडतो तो उलटा. कागदावर चेहऱ्याचं साधं चित्र काढून बाण करून ठेवा आणि आरशाशेजारी चिकटवा. पहिला हात, म्हणजे सगळ्या चेहऱ्यावरून रेझरची पहिली फेरी, कायम सुलटा. दुसरा हात आडवा. तिसरा उलटा हात मारायलाच हवा असं अजिबात नाही, आणि मानेवर तर पहिले काही महिने मारूच नका. प्रत्येक हाताआधी फेस परत लावायचा, पाणी लावून भागत नाही.

लोकांना दुपारी गालावर हात फिरवला की काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे असतं आणि त्यापायी ते रोज उलटा हात मारतात, दुसऱ्या हाताने कातडी ताणून मारतात. अशाने केस कातडीच्या पातळीच्या खाली कापला जातो, तो वाढताना टोकदार होऊन बाजूला वळतो आणि बाहेर यायच्या ऐवजी कातडीत घुसतो, तिथे लाल फोड येतो, मग दुसऱ्या दिवशी ब्लेड त्या फोडाचं डोकं उडवतं. कुरळे केस असतील तर हे जास्तच. यावर कुठलंही क्रीम नाही, गुळगुळीतपणाचा हट्ट सोडणं हाच उपाय आहे. दोन हातांची दाढी लोकांसमोर जायला पुरेशी स्वच्छ असते. फोड आलेच असतील तर त्या जागी पाच-सहा दिवस रेझर लावू नका, चिमट्याने खोदू नका, पू होत असेल किंवा काळे डाग राहायला लागले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ज्या घरांत गुरुवारी किंवा शनिवारी दाढी करत नाहीत त्यांच्या कातडीला आपोआप सुट्टी मिळते, बाकीच्यांनी आठवड्यातून एक दिवस ठरवून सोडावा.

ब्लेडबद्दल

सुरुवातीलाच जपानचं फेदर घेऊ नका. उत्तम ब्लेड आहे, पण अतिशय धारदार, कोन चुकला तर लगेच सांगतं. टोपाझ, सुपरमॅक्स, जिलेटचं सेव्हन ओ'क्लॉक, अस्त्रा यांपैकी काहीही घ्या आणि महिनाभर त्याच कंपनीचं ठेवा. मिक्स पाकीट मागवून रोज नवीन ब्लेड, नवीन साबण असं केलं तर जळजळ कशाने झाली ते कधीच कळणार नाही, एका वेळी एकच गोष्ट बदला. डबल एज, म्हणजे हेच दोन धारांचं ब्लेड जवळपास कुठल्याही डबल एज रेझरमधे बसतं, त्यामुळे पुढे जाऊन प्रयोग करायला भरपूर वाव आहे, त्याची मजा खूप आहे, पण हात बसल्यावर.

एका बाजूने छान कापतं आणि दुसऱ्या बाजूने ओरबाडतं असं होत असेल तर ब्लेड वाकडं बसलंय. रेझर डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंना ब्लेडची सारखीच कड बाहेर दिसते का बघा, नाही तर सैल करून आखूड बाजूंना चिमटीत धरून सरळ करा आणि मग आवळा. ब्लेड साधारण तीन ते पाच दाढ्या चालतं, राठ केसांना कमी. ओढायला लागलं की त्याच क्षणी बदला, 'आजचा दिवस निघेल' म्हणून चालवलेलं ब्लेडच कापतं. धार टॉवेलने पुसू नका, धार जाते आणि बोटही. नळाखाली धरा, झटका, ठेवून द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाथरूममधे काही वाळत नाही, तिथे रेझर आणि ब्रश दोन्ही बाहेर खोलीत हवेशीर ठेवा.

ब्रश ओलाच डबीत बंद केला तर कुबट वास आणि बुरशी ठरलेली. डुकराच्या केसांचा असेल तर वापरायच्या आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, उकळत्या नाही, मुळाशी लावलेला गोंद सुटतो. नवीन असताना थोडे केस गळतात, वास येतो, आणि महिनाभर वापरल्यावर टोकं मऊ होतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात नावं ठेवू नका. सिंथेटिक ब्रश भिजवायची गरज नाही आणि तो वाळतोही लवकर, दमट हवेत राहणाऱ्यांनी मी तर तोच घ्या म्हणेन.

बरेचसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा, फरशीवर पडले की आटे असलेला दांडा तुटतो. साबणाचे हात धुवूनच उचला.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि तुरटी. ओली तुरटी हलकेच सगळीकडे फिरवा आणि कुठे झोंबतं ते लक्षात ठेवा, कारण जिथे झोंबतं तिथे तुम्ही आज जास्त हात मारलेत, इतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही. अर्ध्या मिनिटाने धुवून टाका, तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते, मग साधं मॉइश्चरायझर. कापलं असेल तर तुरटी त्या जागी दाबून धरा. तुरटीचा खडा मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा, घरात एकच खडा सगळ्यांनी वापरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा रेझर घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

विमानाने जाताना ब्लेड केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानात टाका.

वापरलेली ब्लेडं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं ही मात्र मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तो कचरा पुढे कुणीतरी हाताने वेगळा करतं, बऱ्याचदा हातमोजे न घालता, आणि ओला कागद फाटून ब्लेड बोटात घुसतं. झाकण घट्ट बसणारा एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला बारीक चीर पाडा, झाकण टेपने कायमचं बंद करा आणि वापरलेलं प्रत्येक ब्लेड त्या चिरेतून आत टाका. एवढासा डबा भरायला वर्षं लागतात. भरला की चिरेवरही टेप लावा, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड आहेत' लिहा आणि सुका कचरा नेणाऱ्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात सांगून द्या.