फिटची गोळी सुरू झाली आणि अंगावर पुरळ आलं? या चुका टाळा

गोळी घेतली आणि तासाभरात अंगावर गांधी उठल्या, एवढीच ॲलर्जी लोकांना माहीत असते. फिटच्या गोळ्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा अशी येतच नाही. ती दबा धरून बसते. साधं पुरळ पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उठतं. कातडी सोलून काढणारा स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा प्रकार चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. आणि ताप, मानेला गाठी, सुजलेला चेहरा, लिव्हरवर सूज असा जो ‘ड्रेस’ म्हणतात तो प्रकार दोन ते आठ आठवड्यांत येतो. तोवर गोळी अंगवळणी पडलेली असते. ‘पंधरा दिवस तर काही झालं नाही की’ असं म्हणून घरचे तिला संशयातून मोकळी करतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

या बाबतीत जास्त लक्ष ठेवायची औषधं ही: फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फिनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन. यातली कार्बामॅझेपिन चेहऱ्याच्या नसेच्या कळांवर देतात, लॅमोट्रिजिन मनाच्या आजारात देतात. त्यामुळे आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही हे सगळं लागू आहे.

सगळ्यात मोठी चूक: पुरळाला दुसरंच नाव देणं

गोवर, उष्णता, घामोळ्या, पाचट (उसाचा वाळका पाला) लागलं, देवी आली. आपल्याकडे पुरळाला नावांची कमी नाही. ऊसतोडीच्या हंगामात हे कसं घडत जातं ते बघा.

दसऱ्याच्या पुढं-मागं बीड जिल्ह्यातल्या केज किंवा धारूरकडच्या एखाद्या माणसाला फिट येते. दवाखान्यातून फेनिटॉइन लिहून मिळते, महिनाभराच्या गोळ्या पिशवीत पडतात आणि आठवड्याभरात कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, कारखान्याला निघतो. तिसऱ्या आठवड्यात ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. पुरळ अजून नसतं. थंडीच्या दिवसांत पहाटे तीनला उठून फडात उतरणाऱ्याला ताप आला तर कुणाला नवल वाटत नाही. तापाची गोळी मिळते. दोन दिवसांनी छातीवर आणि पाठीवर लाल ठिपके येतात. मुकादम म्हणतो पाचट लागलं, शेजारच्या कोपीतली मावशी म्हणते गोवर निघाला. लिंबाचा पाला अंथरला जातो. फिटची गोळी मात्र इमानेइतबारे चालू असते, कारण ‘गोळी चुकवू नका’ हे डॉक्टरांनी दहा वेळा बजावलेलं असतं. पाचव्या दिवशी खालच्या ओठावर काळी खपली धरते, सकाळी पापण्या चिकटून उघडत नाहीत, आणि दुधात कुस्करलेली भाकरीही तोंडात झोंबते. मग गाडी शोधायची धावपळ.

यात अडाणीपणाचा दोष काढू नका. १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं ते दोन मुलांवरून, आणि त्या मुलांनाही आधी गोवरच ठरवलं गेलं होतं. पण शंभर वर्षं झाली आता. फरक ओळखता येतो. गोवरात आधी सर्दी-खोकला जोरात असतो आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं. औषधाचं पुरळ बहुतेक वेळा छाती-पाठीवरून सुरू होतं. पाचटाची खाज उघड्या हातांवर, मानेवर, चेहऱ्यावर असते. सदऱ्याखाली झाकलेल्या पाठीवर पाचट कसं लागेल? घामोळ्यांना ताप नसतो. आणि फिटची नवी गोळी सुरू होऊन दोन महिने झाले नसतील, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पुरळ गोळीचंच धरायचं. ही माझी ठाम सवय आहे आणि ती सोडावी असं मला कधीच वाटलेलं नाही.

गोळी सुरू केलेली तारीख पाकिटावर पेनानं लिहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही गोल करा. पुरळ दिसलं की पहिला प्रश्न ‘काय खाल्लं?’ हा नाही, ‘गोळीचा कितवा दिवस?’ हा आहे.

मग अंगभर नीट बघायचं, उजेडात, कपडे काढून. बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावा, खालचा ओठ उलटा करून आतली बाजू बघा. डोळे लाल आहेत का, लघवीला आग होते का, हे विचारा. बायका हे शेवटचं सांगायला लाजतात, म्हणून बाईमाणसानंच विचारावं. पुढचं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मोठा दवाखाना: १००.४ च्या वर ताप, चेहऱ्याला किंवा पापण्यांना सूज, तोंडात-डोळ्यांत-लघवीच्या जागी फोड किंवा आग, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे, अंगावर फोड, मधे जांभळट-काळपट पडलेले चट्टे, आणि खाजेपेक्षा दुखणारी कातडी. बोटानं हलकं घासलं आणि वरची साल सरकली, तर एक तासही थांबू नये. मात्र हे मुद्दाम घासून-घासून तपासत बसायचं नाही.

फोनवर डॉक्टरांना ‘खूप आलंय’ असं सांगून काही कळत नाही. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. कातडी सुटलेला भाग किती तळहात भरतो ते सांगा. दहा तळहातांच्या आत स्टीव्हन्स-जॉन्सन धरतात. तीसच्या वर गेलं की त्याला ‘टेन’ (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि त्यात तीनातला जवळपास एक रुग्ण दगावतो.

दुसरी चूक: ‘एक डेक्सा मारा, उद्या बसेल’

मला सगळ्यात जास्त चीड या शॉर्टकटची येते. पुरळ आलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, सिट्रिझिनची गोळी, वर एखादं अँटिबायोटिक, आणि फिटची गोळी तशीच चालू. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, लाली फिकी पडते, रुग्ण खूश. पण आगीला लाकूड घालणं चालूच आहे, फक्त धूर दिसेनासा झाला. तीन-चार दिवसांनी जे उसळतं ते पहिल्यापेक्षा वाईट, आणि हातचे मोलाचे दिवस गेलेले. या आजारात संशयित औषध जितकं लवकर बंद होईल तितका जीव वाचण्याचा संभव जास्त, त्यामुळे तीन दिवस ही मोठी किंमत आहे.

वरचं अँटिबायोटिक जर सल्फाचं असेल, म्हणजे कोट्रायमोक्साझोल, तर तेही हाच आजार करू शकतं. मग गुन्हेगार कोण हे कायमचं कळत नाही.

स्टेरॉइडला माझा विरोध नाही. ‘ड्रेस’मध्ये ते लागतं, पण वजनाच्या हिशेबानं, रक्त तपासून, आणि कित्येक आठवडे हळूहळू कमी करत. मधेच सोडलं की आजार परत उलटतो. एका सुईत उरकण्याचं हे काम नाही.

रक्तात काय बघायचं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि त्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, लिव्हरसाठी एसजीपीटी-एसजीओटी आणि बिलिरुबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि लघवी. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. लिव्हर मागाहून बिघडतं, गोळी बंद केल्यावरही. दोन-तीन दिवसांनी आणि नंतर आठवड्यानं परत तपासा.

सगळ्याच गोळ्या बंद करणं

ही उलट्या बाजूची चूक. तोंडात फोड आले, घाबरून घरच्यांनी अख्खी पिशवी उकिरड्यावर टाकली, आणि तिसऱ्या दिवशी एकामागून एक फिट. धोक्याचं लक्षण असेल तर संशयित गोळी त्याच दिवशी बंद, पुढचा डोस घ्यायचा नाही. पण जुन्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत, आणि बंद केलेल्या गोळीच्या जागी दुसरं संरक्षण त्याच दिवशी मागायचं. बहुतेक ठिकाणी लेव्हेटिरासेटाम किंवा क्लोबाझाम देतात. लेव्हेटिरासेटामचा डोस किडनीवर ठरतो, म्हणून क्रिएटिनिन हवंच.

नुसतं थोडं पुरळ आहे, ताप नाही, तोंड-डोळे स्वच्छ आहेत, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रोज सकाळी उजेडात फोटो काढा. चालू ठेवायची की थांबवायची हे त्यांनी ठरवायचं. मेडिकलवाल्यानं नाही, शेजाऱ्यानं तर नाहीच.

बहीण गेली, भाऊ आला

फेनिटॉइननं पुरळ आलं, म्हणून बदलून कार्बामॅझेपिन दिली. किंवा स्वस्त आहे म्हणून फिनोबार्बिटोन. ही तिघं एका घरातली. रेणूची ठेवण सारखी, त्यामुळे एकीनं ‘ड्रेस’ झालेल्या बऱ्याच रुग्णांना दुसरीनंही होतो. त्याच कुळात फॉस्फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिन, एस्लीकार्बाझेपिन, प्रिमिडोन धरा, लॅमोट्रिजिनही जपूनच. वेगळ्या घरातली म्हणजे लेव्हेटिरासेटाम, क्लोबाझाम, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट. यातलं व्हॅल्प्रोएट लिव्हर बिघडलेलं असताना नको, आणि मूल होण्याच्या वयातल्या मुलीला-बाईला तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय नको. पोटातल्या बाळाला त्याचा मोठा धोका आहे.

खरी गोची पुढं होते. सहा महिन्यांनी तोच रुग्ण फिट येत असताना बेशुद्ध अवस्थेत दुसऱ्याच दवाखान्यात पोचतो. तिथं शिरेतून काय देतात? बहुतेक वेळा फेनिटॉइन. त्याला बोलता येत नाही, सोबतच्याला ॲलर्जी आलेल्या गोळीचं नाव माहीत नाही.

घाई

लॅमोट्रिजिन हे सावकाश वाढवायचं औषध आहे, आणि नवख्यांना सावकाश हा शब्दच सोसत नाही. मोठ्या माणसाला पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०. व्हॅल्प्रोएट सोबत चालू असेल तर ते लॅमोट्रिजिनला अंगाबाहेर जाऊ देत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम दिवसाआड आणि पुढचे दोन रोज २५. ‘फिट थांबत नाही, लगेच शंभर करा’ असा आग्रह रुग्णानं धरू नये आणि डॉक्टरांनी ऐकू नये. तोवरच्या संरक्षणाला दुसरी गोळी असते. गोळ्या संपल्या, बाजाराच्या दिवशी आणू म्हणत पाचेक दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुन्या डोसवर उडी मारायची नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचं.

थोडक्यात उरलेल्या

‘एक गोळी घेऊन बघू, परत येतं का’ हा प्रयोग कधीच नको. दुसऱ्या वेळी आठवडे लागत नाहीत, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतं, आणि जोरात येतं.

कातडीखाली टेस्ट डोस टोचून ही ॲलर्जी आधी कळत नाही. कार्बामॅझेपिनसाठी एचएलए-बी १५:०२ नावाची रक्ततपासणी आहे. आशियाई वंशाच्या रुग्णांत ती आधी करा असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ मध्ये दिला. ती निगेटिव्ह आली तरी कॅलेंडरवरचा गोल पुसायचा नाही.

फेनिटॉइननं हिरड्या वाढणं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, झोप येणं ही ॲलर्जी नाही. कागदावर ॲलर्जी लिहून चांगलं औषध कायमचं घालवू नका.

गोळीनंतर तासाभरात धाप, ओठ सुजणं, चक्कर येऊन पडणं क्वचितच होतं, पण झालं तर १०८ ला फोन आणि मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन.

सोललेल्या कातडीवर हळद, टूथपेस्ट, पाला, चिकटपट्टी काही नको. फोड फोडू नका. धुतलेली सुती चादर, ओठांना साधं व्हॅसलिन, गिळता येत असेल तर घोट-घोट ओआरएस, आणि गाडी: अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरची घाटी, जे जवळ असेल ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथं पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. कातडी भरून येते, पण डोळ्यांत राहिलेला व्रण नजर नेतो.

घरी सोडताना कार्ड लिहून घ्या. नुसतं ‘फिटच्या गोळीची ॲलर्जी’ असं नको. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव, कितव्या दिवशी, काय-काय झालं, आणि खाली ‘फेनिटॉइन, फॉस्फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन देऊ नये’ अशी ओळ. एक प्रत आधार कार्डाच्या पाकिटात, एकीचा फोटो बायकोच्या किंवा लेकराच्या मोबाइलमध्ये, ऊसतोडीला जाणारा असेल तर एक मुकादमाकडे. औषधाची तक्रार १८०० १८० ३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर रुग्णालाही नोंदवता येते. आणि सख्ख्या भावा-बहिणींना सांगून ठेवा: उद्या त्यांच्यापैकी कुणाला फिटची गोळी लिहून मिळाली, तर हेच कार्ड डॉक्टरांपुढं ठेवायचं.