हिरडीतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका, तिरका करा

लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी जिवाणू असतात. त्यांचं तिथं असणं हा आजार नव्हे. बहुतेक गिळले जातात. हिरडी बिघडवतात ते दात आणि हिरडीच्या सांध्यात ठाण मांडून बसलेले. त्यांचा चिकट थर, म्हणजे प्लाक, चूळ भरून निघत नाही. घासूनच मोडावा लागतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांनी प्रयोगासाठी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या.

ब्रश मऊ घ्या. केसांची टोकं ४५ अंशांत, हिरडीकडे तोंड करून सांध्यावर टेकवा. दोन-तीन दातांवर एका जागी दहाएक वेळा अगदी बारीक हलवा, मग पुढे सरका. जोर लावलात तर केस आडवे पडतात आणि सांधा तसाच राहतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. लाळग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात, त्यामुळे लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटनं प्लाक तिथं लवकर दगडासारखा होतो. हे कीटण ब्रशनं निघत नाही, डॉक्टरांकडून खरवडून घ्यावं लागतं, म्हणजे स्केलिंग. (स्केलिंगनं दात हलायला लागतात म्हणतात. बहुधा ते आधीच हललेले असतात, कीटणानं धरून ठेवलेले.)

दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. घट्ट फटीत फ्लॉस, म्हणजे बारीक धागा, रुंद फटीत फटीचा छोटा ब्रश, रोज एकदा; शक्यतो रात्री, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, म्हणजे चूळ भरायचं जंतुनाशक, दिलं तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पेस्टनंतर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं त्याचा जोर कमी होतो. फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

रक्त येतं तिथंच लोक ब्रश फिरवायचं टाळतात, आणि थर वाढतो. उलट तिथं जास्त नीट घासा. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही, तर डॉक्टरांकडून दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजून घ्या. ३ मिमीपर्यंत ठीक; ४ किंवा जास्त असेल तर तिथं खाच झालेली असू शकते. प्राणवायू नकोसा असलेले पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू तिथं वाढतात, आणि घरचा ब्रश तळापर्यंत जात नाही. मधुमेह असेल तर दोन आठवडेही थांबू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र हिरडी आतून खराब होत असतानाही रक्त फारसं येत नाही.