घातक कचऱ्याच्या लँडफिलवर नोकरीला लागताना

रसायनशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी कोकणपट्टीतल्या एका घातक कचरा प्रक्रिया केंद्राच्या लॅबमध्ये रुजू झाले. "कचऱ्याच्या कंपनीत?" आईनं विचारलं होतं. नऊ वर्षं झाली. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही केंद्रावर लागलात तरी एक धरून चाला: पुढचं सगळं ठरतं ते वजनकाट्याशेजारी, गाडीतून सॅम्पल काढताना.

लँडफिल, म्हणजे कचरा कायमचा पुरायची जागा, नुसता खड्डा असते असं मलाही वाटायचं. तळाला चिकणमाती दाबून बसवतात. तिच्यातून पाणी वर्षाला जेमतेम ३ सेंटीमीटर सरकावं, इतकी ती घट्ट लागते. तिच्यावर १.५ मिलिमीटरची एचडीपीई (घट्ट प्लास्टिक) शीट, वर पाणी निचरून नेणारा खडीचा थर. बहुतेक ठिकाणी माती आणि शीटची अशी जोडी दोनदा असते आणि मधल्या थरात गळती कळण्याची सोय असते. सिव्हिलवाल्यांनी शीटच्या सांध्यांचं वेल्डिंग आणि त्याची हवेच्या दाबानं होणारी तपासणी उभं राहून बघावी, पुस्तकात ती कळत नाही. सेल, म्हणजे लँडफिलचा असा एक कप्पा, भरून बंद केल्यावरही ३० वर्षं आजूबाजूचं भूजल तपासत राहायचं असतं.

या सगळ्याचा शत्रू पाणी. म्हणून ओला माल सेलमध्ये जात नाही. त्याची टेस्ट अगदी साधी आहे: ६० नंबरच्या जाळीच्या कागदी गाळणीत १०० ग्रॅम सॅम्पल ठेवायचं आणि ५ मिनिटं बघत बसायचं. खाली एक थेंब जरी पडला तरी माल नापास.

माझ्या पहिल्याच जूनमध्ये ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) गाळाची गाडी आली. ड्रायव्हरदादा पहाटेपासून ताटकळलेले, मागे रांग लागलेली. मी वरचा ढिगारा खोऱ्यानं उकरून सॅम्पल घेतलं. उन्हानं वाळलेला, भुसभुशीत माल. टेस्ट पास. गाडी सेलमध्ये ओतली आणि तळातून काळपट हिरवं पाणी ओघळत बाहेर आलं. पोकलेनवाल्या काकांनी मशीन थांबवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. तो माल परत उचलून, सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश मिसळून घट्ट करायला दोन दिवस गेले. तेव्हापासून मी सॅम्पल तीन ठिकाणांहून घेते आणि त्यातलं एक तळातलंच. मागे रांग कितीही असो.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतील, पण २०१६चे घातक कचरा नियम एकदा नीट वाचाच. मॅनिफेस्टच्या, म्हणजे मालासोबत येणाऱ्या नोंदपत्राच्या, सात रंगांच्या प्रती असतात. गुलाबी आपल्याकडे राहते, निळी कारखान्याला परत जाते. कचऱ्याच्या प्रवर्गांचे क्रमांकही पाठ होतात: ३५.३ म्हणजे सांडपाण्याचा रासायनिक गाळ, ३३.१ म्हणजे रसायनांची रिकामी पिंपं. कारखान्यांना साधारण ९० दिवसांच्या वर माल साठवता येत नाही, त्यामुळे मुदत संपत आली की फोन सुरू होतात, "मॅडम, आजच्या आज घ्या ना." अशा वेळी आवाज चढवू नका, रिपोर्ट दाखवा.

प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) गाळाला जास्त जपा. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि ते कर्करोगकारक आहे. आधी त्याचं क्षपण करून तीन संयुजेचं करायचं, मग चुन्यानं बसवायचं, लीचिंग टेस्ट (मालातून विषारी घटक पाण्यात किती उतरतात ती तपासणी) पास झाली तरच सेलमध्ये न्यायचं. तमिळनाडूत राणीपेटला एक क्रोमेटचा कारखाना बंद पडला आणि लाखाहून जास्त टन क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर राहिला. तिथल्या भूजलाचं जे झालं ते वाचलंत, तर लीचिंग रिपोर्टावर सही करताना हात आपोआप सावध होईल.

सायनाइडचा आणि आम्लाचा माल एकाच शेडमध्ये कधीही ठेवू देऊ नका, कोणीही सांगितलं तरी. दोन्ही एकत्र आले तर निघणारा वायू जीव घेतो.

बीएस्सी, एमएस्सी, केमिकल किंवा सिव्हिल डिप्लोमा, सगळ्यांना इथे जागा आहे. मुलाखतीला गेलात की दोन गोष्टी विचारा: पावसाळ्यात सेल झाकून माल कुठे ठेवता, आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी किती महिन्यांनी होते. ज्यांना पहिल्याचं उत्तर चटकन देता येत नाही, तिथे मी जाणार नाही. आणि मे महिन्यात रुजू होणार असाल तर गमबूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे घालावे लागतात.